हे गेल्यानंतर

हे ख्रिस्तवासी झाल्यावर विश्वासानेच मला तारलं, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटतं, ही रडलीच नसेल. खूप रडले. आज जिच्या घरात तीच वेळ आहे तिच्यासाठी हे लिहिते.

१. रडायला मनाई नाही. लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या बहिणीला रडताना पाहून त्याचेही डोळे भरून आले. मार्थेने तर त्याला तोंडावर सांगितलं, की तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. प्रभू तिच्यावर रागावला नाही. पौलानेही थेस्सलनीकाकरांना शोकच करू नका असं लिहिलेलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हा 'विश्वासणाऱ्याने रडू नये' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नये.

२. प्रार्थना सुचत नसेल तर नुसतं जाऊन बसावं. रविवारी 'उपासना संगीत' उघडून मी बसायचे, गायची मात्र शेजारची आजी. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ह्यांनी आवडत्या गीतांचे क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवलेत. त्यातला एखादा फळ्यावर दिसला की माझा आवाजच फुटत नसे. त्या दिवसांत माझ्या वाटची प्रार्थना मंडळीने केली. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्रही अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मला त्याचा फार आधार वाटला.

३. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. बँक, पेन्शन, सगळीकडे लागतात. सोबत कुणाला तरी न्यावं.

४. त्यांचं राहिलेलं काम हाती घ्यावं. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. त्यांच्या पत्नी, कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. आमच्या ह्यांचं काम साधं, रविवारच्या शाळेत मुलांना गाणी शिकवायचे. तो वर्ग मी घेऊ लागले. एकदा एका ओळीवर हे नेहमी घ्यायचे तीच जागा मुलांनी जशीच्या तशी घेतली. मी पेटीवरचा हात काढला आणि ऐकत राहिले. सांत्वनाच्या सगळ्या भेटींनी मिळून जे झालं नव्हतं ते त्या एका ओळीने झालं.

५. ईस्टरला पहाटे कबरस्तानात जावं. आमची मंडळी उजाडायच्या आत मेणबत्त्या घेऊन जाते. आदल्या दिवशी गवत काढून, कबर धुऊन, चुना मारून ठेवायचा. पुनरुत्थानाचा संदेश लहानपणापासून ऐकलेला, पण ह्यांच्या मातीपाशी उभं राहून ऐकला तेव्हा तो मला उद्देशून होता. मग्दालिया मरियाही कबरेपाशी रडतच होती, आणि तिथेच प्रभूने तिला नावाने हाक मारली. माझं दुःख ओसरलेलं नाही. पण आमची भेट होणार आहे, याबद्दल मला शंका नाही.

तुम्ही मयताच्या घरी भेटायला जाणार असाल, तर वचन सांगायची घाई करू नका, आधी जेवणाचा डबा न्या. आणि महिन्याभराने, पाहुणे पांगल्यावर, पुन्हा एकदा जा.