अडगांवची लढाई व शेजाऱ्यांचें राजकारण

संग्रामपुराच्या पूर्वेस अडगांव आहे. तेथें २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा इंग्रज सेनापति वेलस्ली यानें पराभव केला. मुलें कारण सांगतात तोफांचें. आम्हांस तें अपुरें वाटतें. भोसले निजामाच्या वऱ्हाडांतून चौथाई घेत. शेजारी दुबळा असावा, पण बुडूं नये, हें मराठ्यांचें जुनें धोरण. खर्ड्यास १७९५ सालीं हरलेला निजाम १७९८ सालीं तैनाती फौज पत्करून इंग्रजांचा झाला. होळकरांनीं तर १८०२ सालीं पेशव्यांशींच युद्ध केलें, व अडगांवच्या वेळीं ते अलिप्त राहिले. लढले ते पुढील वर्षीं, एकटेच! देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड प्रांत सोडला. तो मिळाला कोणास? त्याच निजामास.