थ्री फेज जनरेटर, सिंगल फेज घर

2005 नंतरची पाच-सात वर्षे महाराष्ट्रात ज्यांनी काढली त्यांना भारनियमन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ते दिवस गेले, पण वीज जाणे काही संपलेले नाही. जून 2020 मध्ये निसर्ग वादळ आले तेव्हा रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी घरी कोणीतरी म्हणतेच, "अरे, तू इंजिनिअरिंगला आहेस ना? तो टॉवरवरचा जुना जनरेटर स्वस्तात मिळतोय, घेऊ का?"

मोबाईल टॉवर, बँका, मंगल कार्यालये यांच्याकडून निघालेले 10 ते 25 केव्हीएचे डिझेल सेट जुन्या बाजारात मिळतात. इंजिन दणकट असते आणि नव्याच्या मानाने किंमत कमी. अडचण एकच : यातले बरेच थ्री फेज असतात आणि आपले घर सिंगल फेज. या एका फरकातून किती गोष्टी निघतात ते बघू. इलेक्ट्रिकलवाल्यांना यातले काही पाठ असेल. त्यांनी मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांसाठी थोडा धीर धरावा.

आधी नेमप्लेट वाचू. समजा 15 केव्हीए, 415 व्होल्ट, 0.8 पॉवर फॅक्टर, 1500 आरपीएम. घरी सांगितले जाते, "पंधराचा आहे, अख्खी वाडी चालेल." पण 15 केव्हीए ही तिन्ही फेजची बेरीज आहे. लाइन करंट काढा : 15000 भागिले (1.732 गुणिले 415), म्हणजे सुमारे 20.9 अँपिअर. वाइंडिंगची तार एवढ्याचसाठी आहे. त्यामुळे एका फेजवर घर टाकले तर मिळणार 5 केव्हीए, म्हणजे फार तर 4 किलोवॅट. गीझर 2 किलोवॅट, इस्त्री 1 किलोवॅट, आणि त्यात एक एचपीची मोटर सुरू झाली (सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते!) की संपले.

मग कोणी हुशार सुचवतो, "तिन्ही फेज एकत्र बांधून टाका, एकच जाड फेज होईल." हे कधीही करू नका. तिन्ही फेजचे व्होल्टेज 120 अंशांनी पुढे-मागे असते, म्हणून कुठल्याही दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात. त्या एकत्र बांधणे म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. रिवाइंडिंगवाल्याची दिवाळी, बाकी काही नाही.

बरे, 4 किलोवॅटवर भागवू म्हटले आणि एकाच फेजवर घर ठेवले तर? चालते, पण मशीनला ते आवडत नाही. थ्री फेज करंट समतोल असले की स्टेटरमधले चुंबकीय क्षेत्र रोटरबरोबर एकाच वेगाने फिरते आणि रोटरला ते स्थिर दिसते. एकाच फेजचा करंट मात्र जागच्या जागी वर-खाली होणारे क्षेत्र तयार करतो. त्याचे दोन भाग मानता येतात, एक पुढे फिरणारा आणि एक उलटा. सिंगल फेज मोटरच्या धड्यात आपण डबल रिव्हॉल्व्हिंग फील्ड शिकतो, तेच इथे भेटते. उलटे क्षेत्र रोटरला दुप्पट वेगाने कापते, म्हणून रोटरमध्ये 100 हर्ट्झचे करंट निर्माण होतात आणि तो विनाकारण तापतो. शिवाय एव्हीआर बहुधा ठराविक टर्मिनलवरचे व्होल्टेज बघत असतो. तुमचा लोड नेमका त्याच फेजवर असेल तर तो ते व्होल्टेज सावरायला एक्सायटेशन वाढवतो आणि रिकाम्या फेजचे व्होल्टेज वर जाते. लोड दुसऱ्या फेजवर असेल तर घरातले दिवे मंद, आणि एव्हीआरच्या मते सगळे आलबेल.

अल्टरनेटरच्या बाहेर 12 टोके काढलेली असतील तर निर्मात्याच्या आकृतीप्रमाणे जोडणी बदलून तो सिंगल फेज करता येतो. मात्र पूर्ण 15 केव्हीए मिळत नाहीत. किती मिळतील ते त्याच्याच तक्त्यात बघावे. चारच टोके असतील तर दोन फेजमधून 415 व्होल्ट घेऊन 415/240 चा ट्रान्सफॉर्मर लावता येतो. तिथे मर्यादा 415 गुणिले 20.9, म्हणजे 8.7 केव्हीए. ट्रान्सफॉर्मरचा खर्च वेगळा आणि रोटर तापणे आहेच.

माझ्या मते सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे घराचा लोड तीन गटांत वाटणे. स्वयंपाकघर एक, पंप आणि बाथरूम दुसरा, बाकी खोल्या तिसरा. जनरेटर चालू असताना तिन्ही गट तीन फेजवर, आणि वीज आली की तिन्ही त्या एकाच फेजवर. यासाठी मधे ऑफ असलेला फोर पोल चेंजओव्हर स्विच लागतो. मीटरकडून आलेला एकच फेज स्विचच्या वितरण कंपनीकडच्या बाजूला तीन टर्मिनलवर लूप करायचा. जनरेटरच्या बाजूला तीन फेज वेगवेगळे. मधल्या टर्मिनलवरून तीन गट निघतात आणि चौथा पोल न्यूट्रलचा.

व्हायव्हाला विचारावा असा प्रश्न : हा लूप चुकून घराच्या बाजूला मारला तर काय होईल? वीज असताना काहीच कळणार नाही, सगळे व्यवस्थित चालेल. ज्या दिवशी हँडल जनरेटरकडे फिरवाल त्या दिवशी तीन फेज एकमेकांना भिडतील. म्हणून पहिल्यांदा स्विच फिरवण्याआधी जनरेटर बंद ठेवून, हँडल मधल्या ऑफवर ठेवून, घरातले गटाचे एमसीबी पाडून मधले टर्मिनल मल्टिमीटरने तपासा. तीन गटांत एकमेकांशी कंटिन्युइटी दिसता कामा नये. आणखी एक. एका खोलीत दोन गट आणू नका, नाहीतर शेजारशेजारच्या दोन सॉकेटमध्ये 415 व्होल्ट येतात.

आता न्यूट्रल. त्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात, म्हणून जरा थांबतो. जनरेटरवर असताना तीन फेजचे करंट न्यूट्रलमध्ये बरेचसे एकमेकांना खोडतात. पण वीज आल्यावर तिन्ही गट एकाच फेजवर येतात आणि न्यूट्रलमध्ये सरळ बेरीज होते. त्यामुळे सामाईक न्यूट्रल त्या बेरजेला पुरेल एवढा जाड हवा. तो सुटला तर काय होते ते आकड्यात बघा. आर फेजवर 100 वॅटचा दिवा (रोध 576 ओहम), वाय फेजवर 1000 वॅटची इस्त्री (57.6 ओहम), बी फेजवर काही नाही. न्यूट्रल तुटला की दोन्ही 415 व्होल्टवर सिरीजमध्ये येतात. करंट 0.655 अँपिअर, दिव्यावर 377 व्होल्ट, इस्त्रीवर 38. दिव्याच्या जागी टीव्ही किंवा फ्रिज ठेवा म्हणजे नुकसान लक्षात येईल. एमसीबीला यातले काही समजत नाही, कारण करंट उलट कमीच झालेला असतो. न्यूट्रलची टर्मिनले लग मारून घट्ट हवीत, आणि जनरेटर थरथरणारे यंत्र असल्याने ती अधूनमधून पुन्हा आवळायला हवीत.

फोर पोल स्विच घराचा न्यूट्रल वितरण कंपनीच्या न्यूट्रलपासून तोडतो. म्हणजे जनरेटरचा स्टार पॉइंट आपण स्वतः अर्थ करायचा. ते राहिले तर घरातल्या आरसीसीबीचा उपयोग नाही. एखाद्याला शॉक बसेल अशी गळती झाली तरी करंटला परतीचा मार्गच नसतो आणि ती ट्रिप होत नाही. पहिल्या फॉल्टला काही जाणवत नाही, दुसऱ्याला जाणवते. न्यूट्रलसाठी आणि बॉडीसाठी अर्थिंग चोख करून घ्या, आणि हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच.

इतका खटाटोप करण्यापेक्षा काही जण दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करतात आणि घरातल्या सॉकेटमध्येच जनरेटर खुपसतात. मेन स्विच पाडायची आठवण राहिली तर ठीक. नाही राहिली तर वीज मीटरमधून बाहेर डीपीकडे जाते. गावातली डीपी म्हणजे 11 किलोव्होल्ट/433 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याला कुठली बाजू इनपुट हे माहीत नसते. फेज आणि न्यूट्रलमध्ये 240 व्होल्ट दिले तर वरच्या बाजूला 240/250 गुणिले 11000, म्हणजे साडेदहा हजार व्होल्ट तयार होऊ शकतात. "शेजाऱ्यांचा लोड इतका असतो की जनरेटर लगेच बसतो", असे उत्तर मिळते. बऱ्याचदा बसतोही. पण वादळात तार तुटून त्या तुकड्यावर आपले एकच घर उरले असेल तर तो बसत नाही, निवांत 240 व्होल्ट देत राहतो. लाईनमनने सबस्टेशनवरून परमिट घेतलेले असते, लाइन मेली आहे असे समजून तो खांबावर चढलेला असतो, आणि पाऊस चालू असतो. घरी अशी वायर असेल तर या सुट्टीत कापून टाका.

थ्री फेज सेट खरा शोभतो तो बोअरच्या पंपाला. 3 एचपीची थ्री फेज मोटर साधारण 5 अँपिअर घेते, तिन्ही फेजवर सारखे. फक्त फेजचा क्रम वितरण कंपनीसारखाच ठेवा. नाहीतर पंप उलटा फिरतो आणि पाणी जेमतेम येते, मग सगळे बोअरला दोष देतात.

सेट घेण्यापूर्वी 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंगचे इन्सुलेशन बघा (एव्हीआरची टोके सोडवून). एक मेगओहमच्या खाली असेल तर आधी वाळवावे लागेल. फ्रिक्वेन्सी रिकाम्या सेटवर 52 च्या आसपास आणि पूर्ण लोडवर 50 असेल तर गव्हर्नर बरा आहे. 2005 पासून बनलेल्या सेटना एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे. त्याआधीचा उघडा सेट घेतलात तर शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत याचाही विचार करा. आणि कितीही पाऊस असला तरी पडवीत किंवा बंद खोलीत चालवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राहता राहिला डिझेलचा हिशेब. दोन पंखे, चार दिवे आणि फ्रिज यांचा लोड अर्धा किलोवॅटही होत नाही. एक किलोवॅट धरू. तेवढ्यासाठी 12 किलोवॅटचे इंजिन फिरवले की ताशी सव्वा लिटर तरी जाते. 90 रुपये लिटर धरले तर एक युनिट 110 रुपयांच्या वर! शिवाय 30 टक्क्यांहून कमी लोडवर तासन्‌तास चालले की सिलिंडर पुरेसा तापत नाही, न जळलेले डिझेल एक्झॉस्टमधून काळे ओघळ बनून येते. म्हणून रोजच्या तास-दोन तासांना इन्व्हर्टरच. जनरेटर काढायचा तो पंप भरायला, दळण दळायला, आणि त्याच वेळी इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करून घ्यायला. वीज महिना-महिना गेली नाही तरी महिन्यातून एकदा पंपावर टाकून अर्धा तास चालवावा. नुसता रिकामा नको, लोडवर.