गायकाचें वेड

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. मी आरे वसाहतींत राहतों. सन १९४९ मध्यें मुंबई शहरांतील म्हशींचे गोठे हलवून गोरेगांवच्या या डोंगराळ भागांत आणण्यास आरंभ झाला. वारली लोकांचे पाडे तर येथें त्याच्याहि पूर्वींपासून आहेत. तबेले, नोकरवर्गाचीं बिऱ्हाडें, पाडे आणि गर्द झाडी अशी ही वस्ती मुंबईच्या पोटांत असून मुंबईसारखी मुळींच वाटत नाहीं. अंधार पडल्यावर बिबट्याच्या भयानें लोक एकटेंदुकटें फिरण्याचें टाळतात. अशाच एका सायंकाळीं, भर पावसांत, तबेल्यावर कामास असलेले एक गृहस्थ आपल्या नववींत शिकणाऱ्या मुलीला घेऊन माझ्या दाराशीं उभे राहिले.

“सर, हिला तुम्हीच दोन शब्द सांगा,” छत्री मिटतां मिटतां ते म्हणाले. “अभ्यास गेला, झोप गेली. घरांत तोंड उघडलें तर त्या कोरियांतल्या गाणाऱ्या पोरांविषयींच.”

मुलीनें मान खालीं घातली होती. परंतु मीं त्या गायकवृंदाचें नांव विचारतांच ती वर झाली, आणि पुढील पाव तास ती एकटीच बोलत होती. प्रत्येक गायकाची जन्मतारीख तिला पाठ होती. कोणास कोणता पदार्थ आवडतो, कोण भावंडांत धाकटा, कोणीं लष्करांतील सक्तीची नोकरी केव्हां पुरी केली, सर्व कांहीं. कोरियन लिपीचीं अक्षरें ती आपली आपण शिकली होती, आणि हें ऐकून मला खरोखर कौतुक वाटलें. त्यानंतर तिनें आणखी एक गोष्ट सांगितली. नवें गाणें निघालें म्हणजे तें किती वेळां वाजविलें गेलें याची जगभर मोजणी होते. ती संख्या वाढावी म्हणून ती रात्रीं उशीखालीं मोबाइल ठेवून तेंच गाणें पहाटेपर्यंत पुनः पुनः लावून ठेवीत असे.

“मग तुला झोप कशी लागते?”

“आवाज बंद करतें, सर. नाहींतर बाबा उठतात.”

मला हसूं आलें. पण तें उत्तर मनांतून जाईना. रात्रभर वाजणारें आणि कोणीच न ऐकणारें गाणें!

मीं तिच्या वडिलांकडे वळलों आणि विचारलें, “तुम्ही लहान होतां तेव्हां तुम्हांला असें कांहीं वेड नव्हतें काय?” ते प्रथम नाहीं म्हणाले, मग ओशाळले, मग हळूहळू सांगूं लागले. दिनांक १ नोव्हेंबर १९९६ रोजीं अमेरिकेंतील विख्यात गायक व नर्तक मायकेल जॅक्सन याचा जलसा अंधेरीच्या क्रीडासंकुलांत झाला होता. आपल्या देशांत त्याचा तेवढा एकच जलसा झाला. तिकीट घेण्याची ऐपत नव्हती. दोन मित्रांना घेऊन हे आरेहून पायीं चालत अंधेरीस गेले आणि भिंतीबाहेर गर्दींत उभे राहिले.

“पाहिलें कांहींच नाहीं, सर,” ते म्हणाले. “पण ऐकलें. छातींत धडधड होईल असें ऐकलें.”

मुलगी बापाकडे पाहतच राहिली. ही हकीकत तिच्या कानीं कधीं आली नव्हती.

विद्यार्थी मित्रहो, आणि पालकहो, हें वेड मोबाइलनें आणलें असें आपण समजतों. तें तसें नाहीं. आपल्या पणजोबांना तें जडलें होतें, आणि त्या वेडाचें सर्वांत मोठें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. त्याचा थोडा अभ्यास करूं.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजीं झाला. त्यांचें लहानपणचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं त्यांस ‘बालगंधर्व’ म्हटलें, अशी परंपरागत हकीकत आहे. १९०५ सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत दाखल झाले व शकुंतलेच्या वेषांत लोकांपुढें आले. १९१३ मध्यें गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘मानापमानां’तील भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवरां’तील रुक्मिणी, १९१९ च्या ‘एकच प्याल्यां’तील सिंधु, या त्यांच्या भूमिकांनीं दोन पिढ्यांना वेड लावलें. त्या काळीं स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. मौज अशी कीं, लुगडें कसें नेसावें, केशरचना कशी करावी, दागिना कोणता शोभेल, हें घरंदाज स्त्रिया या पुरुषाकडे पाहून ठरवीत! आज गायकांच्या केसांसारखे केस कापून घेणाऱ्या मुलांना जे पालक रागें भरतात, त्यांनीं आपल्या पणजीचें जुनें छायाचित्र एकदां निरखून पाहावें.

परंतु लुगडीं पाहावयास आलेल्यांबरोबर दुसरेहि कांहीं लोक त्या नाटकगृहांत बसलेले असत, आणि मला त्यांच्याविषयीं अधिक सांगावयाचें आहे. ‘स्वयंवरा’चें संगीत भास्करबुवा बखले यांचें. बुवा बालगंधर्वांचे गुरु. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. असे साथीदार या मंडळींत वर्षानुवर्षें होते. पद संपलें कीं प्रेक्षकांतून ‘वन्समोअर’ची आरोळी उठे, आणि बालगंधर्व तें पुन्हां म्हणत, तिसऱ्यांदा, चौथ्यांदाहि म्हणत. रात्रीं सुरू झालेलें नाटक उत्तररात्रीपर्यंत चाले. मात्र दुसऱ्यांदा म्हटलेलें पद पहिल्यासारखेंच नसे. एखाद्या शब्दावर ते किंचित् अधिक रेंगाळत, एखादी लहानशी तान निराळ्या वाटेनें जाऊन नेमकी समेवर येई. शब्द मात्र प्रत्येक वेळीं स्वच्छ, जणूं कोणी बोलतच आहे. ज्याला रागाचें नांवहि ठाऊक नाहीं असा कारकून किंवा दुकानदार तें चार वेळां ऐकून घरीं जाई, आणि तेवढ्यानें त्याच्या कानाला कांहींतरी वळण लागे. महाराष्ट्रांत शास्त्रीय संगीत मैफलीच्या बाहेर, सामान्य घरांत पोहोंचलें, त्याला ही ‘वन्समोअर’ची आरोळी बरीच कारण आहे असें मला वाटतें. कान भरला नाहीं म्हणून पुन्हां मागितलेलें गाणें, आणि संख्या भरावी म्हणून पुन्हां लावलेलें गाणें, हीं दोन्ही ‘पुन्हां’च, पण किती निराळीं!

चाहत्यांचीं भांडणेंहि तेव्हां होतीं. ललितकलादर्शचे केशवराव भोसले यांचा आवाज बुलंद, चढा. त्यांचे चाहते निराळे व गंधर्वांचे निराळे. कोण श्रेष्ठ याविषयीं वाद झडत. माझ्या या विद्यार्थिनीनें दुसऱ्या एका गायकवृंदाच्या चाहत्यांशीं मोबाइलवर चार दिवस भांडण केल्याचें मोठ्या अभिमानानें सांगितलें, तेव्हां मला ८ जुलै १९२१ चा दिवस आठवला. त्या रात्रीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी! ज्यांच्या नांवानें लोक भांडत, ते दोघे एकाच रंगमंचावर समोरासमोर उभे राहून गाइले. पुढें तीन महिन्यांच्या आंतच केशवराव वारले. तो प्रयोग ज्यांनीं ऐकला, ते त्याच्याविषयीं जन्मभर सांगत राहिले.

आतां त्या वेडाची दुसरी बाजू. ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस झाला. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी मरण पावली. तरी ते रंगभूमीवर उभे राहिले आणि भामिनीची पदें गाइले. ही गोष्ट कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. मलाहि ती तशीच शिकविण्यांत आली होती, आणि ती खरीच आहे. परंतु अलीकडे ती वाचतांना माझें लक्ष रंगमंचावरून प्रेक्षकांकडे जातें. समजा, आपण त्या रात्रीं तेथें बसलों आहों, आणि सकाळीं त्या घरांत काय घडलें तें आपणांस ठाऊक आहे. पद संपलें. आपण ‘वन्समोअर’ म्हणावें कीं न म्हणावें?

हा प्रश्न मीं त्या मुलीला विचारला. “मीं म्हटलें नसतें,” ती झटकन् म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “पण सगळे ओरडले असते, सर, तर मीहि ओरडलें असतें.”

इतकें प्रामाणिक उत्तर मोठ्या माणसांकडून क्वचित् मिळतें.

बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत, आणि त्या शब्दाप्रमाणें वागत. रंगमंचावर भारी शालू, नाटकगृहांत उंची अत्तर. मायबापांना कमी पडूं नये म्हणून खर्चाला सीमा नसे. मंडळी कर्जांत बुडाली. तशांत १९३२ पासून मराठी बोलपट आला, आणि स्त्रियाहि रंगभूमीवर येऊं लागल्या. १९३५ सालीं प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटांत बालगंधर्वांनीं संत एकनाथांचें काम केलें. वय सत्तेचाळीस. भूमिका उत्तम, दिग्दर्शक व्ही. शांताराम. पण लोकांना धोतर नेसलेले एकनाथ नको होते. त्यांना रुक्मिणी हवी होती. बालगंधर्व पुन्हां रंगभूमीकडे वळले. वय वाढत होतें, शरीर स्थूल झालें होतें, तरी स्त्रीवेष सुटेना. चाहत्यानें आपल्या मनांत एक मूर्ति बसविली म्हणजे त्या मूर्तीला म्हातारें होण्याचीहि मुभा राहत नाहीं. आणि येथें दोष केवळ प्रेक्षकांचाच होता असेंहि नाहीं, कारण बालगंधर्वांना स्वतःलाहि ती मूर्ति मोडवत नव्हती. १९३८ सालीं गोहर कर्नाटकी मंडळींत आल्या, आणि पुढें नायिकेच्या भूमिका त्यांच्याकडे गेल्या.

उतारवयांत त्यांचे पाय अधू झाले. जेथें पूर्वीं तिकिटासाठीं झुंबड उडे, तेथें आतां मोजकी माणसें जमत, आणि बसल्या जागीं ते भजन गात. या मोजक्या माणसांना मी खरे चाहते समजतों. शालू गेला, अत्तर गेलें, रूप गेलें. उरला होता केवळ तो स्वर, आणि तेवढ्यासाठीं तीं माणसें येत. १९५५ सालीं त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ मध्यें पद्मभूषण. पुण्यास त्यांच्या नांवाचें रंगमंदिर बांधावयाचें ठरलें, आणि १९६२ सालीं त्याचें भूमिपूजन खुद्द त्यांच्याच हस्तें झालें. १५ जुलै १९६७ रोजीं ते वारले. रंगमंदिर उघडलें तें २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या जन्मदिनीं.

हें सारें मीं सांगत असतांना मुलीचे वडील मध्येंच म्हणाले, “आमच्या मायकेलचेंहि तसेंच झालें, सर.” ‘आमच्या’ हा शब्द त्यांच्या तोंडून सहज निघून गेला. त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. २००९ सालीं लंडनमध्यें त्याचे दहा जलसे ठरले होते. तिकिटांची मागणी इतकी आली कीं दहाचे पन्नास झाले. वय पन्नास. पहिला जलसा होण्यापूर्वींच, २५ जून रोजीं, तो गेला. झोप यावी म्हणून त्यास दिलेल्या औषधानें तो मरण पावला, आणि त्याबद्दल त्याच्या डॉक्टरला पुढें न्यायालयानें दोषी ठरविलें. मागणाऱ्या लाखों लोकांपैकीं एकाच्याहि मनांत वाईट हेतु नव्हता. प्रत्येकानें एकच तिकीट मागितलें होतें.

आमच्या शेजारच्या पाड्यांत तारपा वाजतो, तेव्हां मला नेहमीं एक गोष्ट जाणवते. दुध्या भोपळा, बांबू आणि ताडाचें पान यांचें तें वाद्य. वाजविणारा मध्यें उभा राहतो, आणि बायका-पुरुष एकमेकांचे हात धरून त्याच्याभोंवतीं नाचतात. त्याचा सूर बदलला कीं पावलें बदलतात. म्हणजे प्रत्येकाला ऐकावें लागतेंच, नाहींतर पाऊल चुकतें. तो दमला कीं फेर थांबतो. तेथें कोणी त्याचें चित्र भिंतीवर लावीत नाहीं. अर्थात् सगळ्या जगानें तारप्याभोंवतीं नाचावें असें माझें म्हणणें नाहीं. कोरिया दूर आहे, आणि मुलीच्या खोलींत भिंतीला जागा पुष्कळ आहे.

वडिलांची इच्छा तीं सारीं चित्रें काढून टाकावींत अशी होती. मीं त्यांना तसें करूं दिलें नाहीं. मुलीला मात्र एवढेंच सांगितलें कीं, रात्रीं मोबाइल बाहेरच्या खोलींत राहील. आणि दिवसां, अभ्यास झाल्यावर, एकच गाणें, आवाज चालू ठेवून, दुसरें कांहीं न करतां ऐकावयाचें. वडिलांनींहि शेजारीं बसावयाचें. त्यांनीं कपाळाला हात लावला, पण कबूल केलें.

आठ दिवसांनीं ती बसच्या थांब्यावर भेटली. पाऊस होताच. पाठीवरचें दप्तर सांवरीत ती धांवत माझ्याकडे आली.

“सर, त्या गाण्यांत शेवटीं शेवटीं त्याचा आवाज दमलेला वाटतो. श्वास घेतलेला स्पष्ट ऐकूं येतो. इतक्या वेळां लावलें, पण मला कधीं कळलेंच नव्हतें.” आणि मग जरा हळू आवाजांत, “बाबांना आधीं कळलें.”