बेरीज करू की वजाबाकी?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

“दादा, यात बेरीज करू की वजाबाकी?” चौथीत शिकणारी माझी बहीण रोज संध्याकाळी विचारते. पाढे तिला तोंडपाठ आहेत, हातच्याची वजाबाकीही चुकत नाही. पण शाब्दिक उदाहरण आले की घोडे अडते. माझेही तसेच होई. घरात कोणी शिकलेले नव्हते, तेव्हा विचारणार कुणाला? म्हणून मी एक युक्ती काढली. ‘एकूण’ किंवा ‘जास्त’ दिसले की बेरीज, ‘कमी’ किंवा ‘उरले’ दिसले की वजाबाकी!

ही युक्ती फसवी आहे. ‘रमेशकडे १५ गोट्या आहेत. त्या सुरेशच्या गोट्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर सुरेशकडे किती?’ बहिणीने ‘जास्त’ पाहून २१ लिहिले. मी विचारले, “जास्त कुणाकडे?” “रमेशकडे.” “मग सुरेशकडे एकवीस कशा?” ती थांबली, हसली आणि तिने ९ लिहिले.

उलट, प्रसंग वेगळे असूनही क्रिया एकच असू शकते. २० तून ८ गेले, उरले किती? २० आणि ८ यांत फरक किती? ८ आहेत, २० होण्यास आणखी किती हवेत? तिन्ही ठिकाणी वजाबाकीच. भागाकाराचेही असेच. २४ भाकऱ्या ६ जणांत वाटल्या तर प्रत्येकी ४ भाकऱ्या. सहा-सहांच्या चवडी रचल्या तर ४ चवडी.

मग क्रिया ओळखावी कशी? प्रथम उदाहरण आकडे वगळून स्वतःच्या शब्दांत सांगावे. मग रेघा किंवा चित्र काढावे. उत्तर दिलेल्या संख्येहून मोठे येईल की लहान, याचा अंदाज बांधावा आणि आलेले उत्तर पुन्हा त्याच प्रसंगात ठेवून पाहावे. ‘आधी प्रश्न समजून घ्या’ हीच जॉर्ज पोल्या यांच्या १९४५ च्या प्रसिद्ध पुस्तकातील पहिली पायरी आहे. भास्कराचार्यांनीही ११५० मध्ये ‘लीलावती’त भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या प्रसंगांतूनच गणिते घातली.

माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही. ती आठवडी बाजारात भाजी विकते. मेथीच्या ४० जुड्या ६ रुपयांनी घेतल्या, ८ सुकल्या, उरलेल्या १० रुपयांनी गेल्या. ८० रुपये सुटले, हे ती पाटी उचलण्याआधीच सांगते. यात दोन वजाबाक्या आणि दोन गुणाकार आहेत. पण ‘कोणती क्रिया करू?’ असा प्रश्न तिला कधी पडत नाही. जुड्या तिच्या डोळ्यांसमोर असतात.

आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. त्यांनी मुलांना आधी जुड्या दाखवाव्यात, चिन्हे मागाहून. मला मात्र एका गोष्टीची खंत वाटते. घरात विचारायला कोणी नाही, असे मी चौथीत समजत होतो. आई तिथेच होती.