वजन उतरले, पण काय उतरले?

भाषांतराच्या कामात वर्षे घालवणाऱ्यास एक खोड जडते. शब्द हाती आला की तो उलटून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. लेवीयाच्या तिसऱ्या अध्यायात अर्पणाच्या पशूची चरबी वेदीवर होमावयाची असते. तेथे मूळ इब्री शब्द 'हेलेब' हा आहे. उत्पत्तीच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात फारो योसेफाच्या भावांना मिसर देशातील उत्तमोत्तम अन्न देऊ करतो, तेथेही मुळात हाच शब्द येतो. म्हणजे ज्या लोकांनी दुष्काळ भोगला होता त्यांच्या लेखी चरबी ही व्याधी नव्हती, ती ठेव होती. आपल्या देहाची समजूत आजही तीच आहे. ही ठेव मोडावयास तो सहजासहजी राजी होत नाही, आणि या लेखाचा विषय नेमका तेथूनच सुरू होतो.

आपल्या मराठीची अडचण निराळी आहे. 'अंगावर मांस चढले', 'अंग भरले', 'अमका वाळला', असे आपण बोलतो. जणू हाडांवर एकाच प्रकारचा लेप असतो आणि तो कमीअधिक होतो. वस्तुतः तेथे दोन भिन्न गोष्टी आहेत, मेद आणि स्नायू. (आयुर्वेदात 'स्नायू' म्हणजे सांध्यांना बांधून ठेवणारे तंतू, आजच्या बोलीत तो हालचाल घडवणाऱ्या मांसपेशींचा शब्द झाला आहे. येथे हा दुसराच अर्थ घ्यावा.) वजनकाट्यालाही हा भेद कळत नाही. पाच किलो घटले इतकेच तो सांगतो. कशाचे घटले हे सांगत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी रक्तातील साखर वाढलेली आढळली व वजन कमी करण्याचा सल्ला मिळाला. उपवासकाळाचे निमित्त होतेच. मी रात्रीचे जेवण सोडले, दिवसा भात आणि पालेभाजीवर राहिलो, अंडी व मासे बंद केले आणि सकाळी तासभर चालू लागलो. चार महिन्यांत नऊ किलो उतरले. उपासनेनंतर भेटणारे अभिनंदन करीत. मात्र भाजी निवडावयास जमिनीवर बसलो की हात टेकल्याशिवाय उठता येईना, आणि पाण्याची भरलेली कळशी उचलताना दंड थरथरू लागले. सदऱ्याच्या बाह्या सैल झाल्या होत्या. पोटाचा घेर मात्र फारसा हलला नव्हता.

असे का व्हावे? मेद साठवण्यास देहाजवळ जागा आहे, तशी प्रथिनांची वेगळी कोठी नाही. प्रथिनांची गरज मात्र रोजची असते. अन्न तोकडे पडले आणि त्यातही प्रथिने अल्प असली, की देह ती स्नायूंतून काढून घेतो. ज्या स्नायूवर भार पडत नाही तो त्याला अनावश्यक खर्च वाटतो, म्हणून तोच आधी मोडीत निघतो. केवळ आहार घटवून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनाचा सुमारे चौथा भाग मेदेतर असतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. उपासमार कडक असेल, अथवा अंगावर मेद मुळातच थोडा असेल, तर हा वाटा आणखी वाढतो.

याविषयीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी केला. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे हे जाणून घ्यावयाचे होते. त्यासाठी स्वतःहून पुढे आले ते ३६ तरुण, सद्सद्विवेकबुद्धीस अनुसरून शस्त्र धरण्यास नकार देणारे. त्यांतील अनेक जण ब्रदरेन, क्वेकर, मेनोनाइट अशा शांततावादी मंडळ्यांचे होते. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. लक्षात घ्या, त्यांना आठवड्यास सुमारे ३५ किलोमीटर चालावे लागत असे. एवढे चालूनही त्यांचे स्नायू वाचले नाहीत. पुढे मनसोक्त खाण्याची मुभा मिळाल्यावर मेद आधी परतला आणि मूळ पातळीच्याही वर गेला. स्नायू मागाहून, संथपणे भरले. वजन उतरवून वर्षभरात ते पुन्हा चढवणाऱ्यांचे असेच होते. काट्यावर आकडा जुनाच दिसतो, पण त्यात स्नायू पूर्वीपेक्षा कमी असू शकतात.

आता हा प्रश्न आपल्या लोकांना अधिक का जाचतो ते पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन समान. देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३. पण मेदाचे प्रमाण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसावयास दोघेही सडपातळच. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली आरंभलेल्या याज्ञिकांच्या अभ्यासाने हे मूळ आणखी मागे नेले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपल्या बालकांच्या अंगात उणीव होती ती प्रामुख्याने स्नायूंची. त्या मानाने त्वचेखालचा मेद बराचसा टिकून होता. सारांश, स्नायूंची शिल्लक आपल्याकडे जन्मापासूनच तुटपुंजी. ती उधळणे आपल्याला परवडत नाही.

आमच्या भिलाईत हे चित्र डोळ्यांसमोर दिसते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूरकडून, विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या त्या पिढीने सायकलीवर पाळीला जाऊन अंगमेहनत केली. तिचे ताट भाताने भरलेले असे आणि ते तिला शोभतही असे. छत्तीसगढची बोरे बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, हे शेतात राबणाऱ्याचेच अन्न. २०२२ च्या श्रमिक दिनी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी ती सर्वांनी खावी असे आवाहन केले, तेव्हा आम्हीही कौतुकाने खाल्ली. उन्हाळ्यात ती उत्तमच. तथापि ताट जुने आणि श्रम मात्र खुर्चीतले, ही जोडी घातक आहे.

मी एकदा आपल्या ताटाचा हिशेब मांडला. सकाळी पोहे, दुपारी भात व पातळ वरण, रात्री तीन पोळ्या आणि भाजी, दोनदा चहा. एवढ्यात प्रथिने चाळीस ग्रॅमही भरेनात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम लागतात; म्हणजे माझ्या ७४ किलोंस ६१ ग्रॅम. वजन उतरवताना तर किलोमागे १.२ ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक घ्यावीत, म्हणजे सुमारे ८९. ही तूट भरण्यास डबाबंद भुकटीच हवी असे मुळीच नाही. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, मूठभर फुटाण्यांत ६, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे २५, शंभर ग्रॅम रोहूत १७ च्या आसपास प्रथिने मिळतात. वरण घट्ट करा, भात निम्मा करा, वाटीभर दही घ्या. प्रथिने तिन्ही वेळच्या जेवणांत विभागावीत. आणि घाई नको. किलोभर मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात; रोज पाचशे उष्मांक कमी घेतले तर आठवड्यास अर्धा किलो उतरतो. तेवढे पुरे.

व्यायामाविषयी माझे मत स्पष्ट आहे. मैत्रीबागेकडे पहाटे चालत जाणाऱ्यांची मला निंदा करावयाची नाही. चालणे हृदयास व रक्तशर्करेस हितकर आहे. पण स्नायूंस भार हवा. आपल्या तालमींतील जोर आणि बैठका यांस परदेशी नावे देऊन आज शुल्क आकारले जाते, याचे मला हसू येते. ज्यांचे गुडघे बैठका सोसत नाहीत त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठावे व सावकाश बसावे. भिंतीस हात लावून जोर काढावेत. दोन बादल्या अर्ध्या भरून अंगणात फेऱ्या माराव्यात. आठवड्यास दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांती. शेवटचे चारदोन आवर्तन कठीण गेले पाहिजे; सोपे जाऊ लागले की बादलीत पाणी वाढवावे. श्वास कोंडू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने, आणि इन्सुलिन अथवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपास, वैद्यांस विचारल्यावाचून वाढवू नये. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर भार उचलण्यापूर्वीही विचारावे.

काटा फेकून देऊ नका, पण त्याच्या जोडीला शिंप्याची फीत ठेवा. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रीचा ८० च्या आत असावा. दुसरी परीक्षा खुर्चीची आहे. हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाचा आकडा १४ च्या खाली, स्त्रीचा १२ च्या खाली आला तर पायांचे बळ सरासरीहून कमी समजतात. नऊ किलो उतरवून अभिनंदन स्वीकारीत होतो त्या महिन्यात, साठीला अद्याप काही वर्षे असताना, माझा आकडा ९ होता. वर्षभराच्या बादल्या आणि घट्ट वरणानंतर तो १६ झाला आहे. वजन तेव्हापेक्षा दोन किलो अधिक आहे, आणि पट्टा दोन भोके आत गेला आहे.