चाळीस तासांचं शिक्षण आणि एक धुराडं

माझ्या कपाटात एक प्रमाणपत्र आहे. गॅसवर चालणाऱ्या उपकरणांचा धूर घराबाहेर कसा न्यावा, या विषयावरच्या चार तासांच्या अभ्यासक्रमाचं. त्यावर माझं नाव आहे, लायसन्सचा क्रमांक आहे आणि परीक्षेत शंभरपैकी ९२ गुण मिळाल्याची नोंद आहे. ते हाती आल्यावर चार महिन्यांनी मी एडिसनमधलं एक घर तपासलं आणि नेमकी तीच गोष्ट माझ्या नजरेतून सुटली.

मी न्यू जर्सीत होम इन्स्पेक्टर आहे. सांगलीत सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, काही वर्षं पुण्यात साइटवर काढली आणि इकडे आल्यावर या व्यवसायात शिरलो. इथे राहतं घर विकत घेताना घेणारा माणूस स्वतःच्या खर्चाने एक तपासनीस बोलावतो. तो दोन-तीन तास छपरापासून तळघरापर्यंत घर बघतो आणि लेखी अहवाल देतो. त्या अहवालाच्या भरवशावर लोक आयुष्यभराचं कर्ज डोक्यावर घेतात. न्यू जर्सीने १९९८मध्ये यासाठी कायदा केला. १८० तासांचं प्रशिक्षण, त्यातले ४० तास प्रत्यक्ष घरांमध्ये, मग राष्ट्रीय परीक्षा आणि वर किमान पाच लाख डॉलरचा व्यावसायिक विमा, एवढं झाल्यावर लायसन्स मिळतं. ते टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी ४० तासांचं शिक्षण पुन्हा घ्यावं लागतं. आम्ही त्याला 'सीई' म्हणतो. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये हा आकडा २४ तासांचा आहे, टेक्सासमध्ये ३२. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनाही मेडिकल कौन्सिलसाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट जमवावे लागतात, त्यामुळे हा प्रकार तिकडच्या वाचकांना अगदी अनोळखी नसेल. 'जमवणे' हा शब्दही ओळखीचा असेल. मीही तासच जमवत होतो.

मुदत संपायला तीन आठवडे उरले की मी बसायचो. काही तास वर्गात, बाकीचे संगणकावर. विषय निवडायचे ते काँक्रीट, पायाच्या भेगा, रिटेनिंग वॉल. म्हणजे जे मला सांगलीपासून येत होतं तेच. येणाऱ्या विषयाच्या वर्गात बसलं की बरं वाटतं, मान डोलावता येते. गॅसचा अभ्यासक्रम घेतला तो केवळ चार तास कमी पडत होते म्हणून. एका पडद्यावर व्हिडिओ चालू होता आणि दुसऱ्या पडद्यावर मी आदल्या दिवशीच्या घराचा अहवाल टाइप करत होतो. परीक्षेत प्रश्न आला की मजकुरात तो शब्द शोधायचा आणि उत्तर टिपायचं. ९२ गुण असे आले.

ऑगस्टमध्ये ते घर आलं. १९६२चं, स्प्लिट-लेव्हल पद्धतीचं. घेणारं जोडपं पुण्याचं, तरुण, तिला दिवस गेलेले. आमच्या मंडळाच्या गणपतीत तोंडओळख झाली होती, म्हणून तो मला 'काका' म्हणायचा. वही घेऊन माझ्यामागे फिरत होता. खालच्या मजल्यावर यंत्रांची खोली होती. घर तापवणारा फर्नेस दोन वर्षांपूर्वीच बसवलेला, ९५ टक्के कार्यक्षमतेचा, त्याचा पांढरा प्लास्टिकचा पाइप थेट भिंतीतून बाहेर गेलेला. मी लिहिलं, 'उत्तम स्थितीत'. शेजारी गॅसचा ४० गॅलनचा वॉटर हीटर, आठ वर्षांचा, जुन्या विटांच्या धुराड्याला जोडलेला. नळ सोडला, गरम पाणी आलं. लिहिलं, 'चालू'.

दोन्ही वाक्यं खरी होती. जो प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता तो असा: दोन वर्षांपूर्वी इथे जो जुना फर्नेस होता, त्याचा धूर कुठून जात होता?

तो याच धुराड्यातून जात होता. दोन उपकरणांचा धूर नेण्याच्या मापाने ते बांधलेलं होतं. मोठ्या फर्नेसच्या उष्णतेने विटा हिवाळाभर तापलेल्या राहायच्या आणि त्या उष्णतेवर वॉटर हीटरचा थोडासा धूरही आपोआप वर चढायचा. नवा फर्नेस भिंतीतून बाहेर गेला आणि एवढ्या रुंद, गार धुराड्यात हीटर एकटा राहिला. आमच्या भाषेत त्याला 'ऑर्फन', म्हणजे पोरका हीटर म्हणतात. त्याचा धूर अर्ध्या वाटेत गार होतो, पाणी धरतो, आतली मातीची नळी झिजवतो, आणि जोर कमी पडला तर उलटा खाली येतो. अशा हीटरसाठी धुराड्याचं क्षेत्रफळ त्याच्या तोंडाच्या सातपटीहून जास्त असू नये, असा नियम आहे. हे सगळं त्या चार तासांत होतं. नंतर मी तो व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. एकोणीस मिनिटं ते फक्त पोरक्या हीटरबद्दल बोलले होते.

राहायला गेल्यावर त्या दोघांनी दोन गोष्टी केल्या. खिडक्या नव्या, घट्ट बसणाऱ्या लावल्या. आणि स्वयंपाकघरात शेगडीवर मोठा एक्झॉस्ट बसवला, पुण्यात ज्याला किचनची चिमणी म्हणतात तो. फोडणीचा वास पडद्यांना लागू नये म्हणून आपले बहुतेक लोक तो दणकट घेतात. हा मिनिटाला ९०० घनफूट हवा बाहेर फेकणारा होता. इथल्या नमुना बांधकाम संहितेत ४०० घनफुटांच्या वरच्या एक्झॉस्टला तेवढीच हवा आत घेण्याची सोय करायला सांगितलं आहे. ती केली नव्हती. मग बंद घर हवा ओढणार कुठून? जिथे वाट मिळेल तिथून. सगळ्यात सोपी वाट होती ते जुनं धुराडं, वरून खाली.

जानेवारीत संक्रांत आली. बाळ दोन महिन्यांचं होतं, बाळंतिणीची आई बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली. त्या आजी खालच्या मजल्यावर, यंत्रांच्या खोलीशेजारी झोपायच्या. आठ-दहा दिवस त्यांचं डोकं दुखत होतं आणि मळमळायचं. प्रवासाचा शीण असेल, थंडी बाधली असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. संक्रांतीच्या संध्याकाळी त्यांनी गुळपोळ्या केल्या. तीन तास एक्झॉस्ट पूर्ण वेगावर, ड्रायरमध्ये बाळाचे कपडे, वर आंघोळीला गरम पाणी. नऊच्या सुमारास वरच्या मजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला.

अग्निशमन दलाने सगळ्यांना बर्फात बाहेर काढलं. रुग्णालयात आजींना ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप घरी आले. बाळ वरच्या खोलीत होतं, म्हणून त्याला कमी झळ लागली.

सकाळी त्या तरुणाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "काका, तुम्ही ते सगळं बघितलं होतं ना?"

मी माझे फोटो उघडले. वॉटर हीटरच्या माथ्यावर थंड आणि गरम पाण्याच्या पाइपांभोवती निळी आणि लाल अशी प्लास्टिकची कडी असतात. माझ्याच फोटोत लाल कडं एका बाजूने वितळून ओघळलेलं स्पष्ट दिसत होतं. धूर वर न जाता बाहेर सांडतो तेव्हा असं होतं. शेजारी पत्र्यावर गंजाचा ओघळ होता. म्हणजे धूर ऑगस्टच्या आधीपासूनच उलटत होता. त्या दोघांच्या नव्या एक्झॉस्टने ते वाढवलं, सुरू केलं नव्हतं.

व्यवसायातला एक मित्र म्हणाला, काळजी करू नकोस, धुराड्याच्या आतली नळी तपासणं आपल्या नियमावलीत बंधनकारक नाही. ते खरं आहे. फर्नेस बदलणाऱ्याने त्याच वेळी धुराड्यात लहान मापाची नळी घालायला हवी होती, हेही खरं. पण कडं धुराड्याच्या आत नव्हतं, माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते बघायचं शिक्षण मी घेतलं होतं आणि तसं लिहून सही केली होती. नियमावलीत चूक बसत नाही म्हणून ती चूक नाही, हे मला आजही पटत नाही.

आमच्या धंद्यात ज्ञान एकदा मिळवून पुरत नाही, याचे पुरावे जागोजागी आहेत. डिसेंबर १९८४मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारा स्टॅनली वॉट्रस हा इंजिनिअर कामावर आला की किरणोत्साराचा अलार्म वाजायचा. केंद्रात तेव्हा अणुइंधन आलेलंही नव्हतं. किरणोत्सार तो घरून घेऊन येत होता. त्याच्या घरात जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूचं प्रमाण लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी निघालं. आज ४ पिकोक्युरीला उपाय करायला सांगतात. त्याआधी साध्या राहत्या घरात रेडॉन मोजायचं फारसं कोणाच्या मनात येत नव्हतं. किंवा लाकडी डेक घ्या. २००३च्या अखेरीस आर्सेनिक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड घरगुती वापरातून गेलं आणि तांब्याचं प्रमाण जास्त असलेलं आलं. त्यात साधे गॅल्व्हनाइज्ड खिळे आणि पट्ट्या झपाट्याने गंजतात. २००२मध्ये शिकलेला उत्तम इन्स्पेक्टर २००५मध्ये तेच खिळे बघून 'ठीक' लिहू शकला असता, आणि त्याने काहीही विसरलेलं नसतं.

त्या जानेवारीनंतर मी शिकायची पद्धत बदलली. ४० तास २४ महिन्यांत वाटले की महिन्याला दोन तासही होत नाहीत. ते मी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, दुसरं काही हातात न घेता करतो. विषय निवडताना स्वतःला विचारतो, कुठल्या खोलीत शिरताना मला घाई होते? जिथे आपल्याला नीट कळत नाही, तिथून आपण लवकर बाहेर पडतो. माझ्या बाबतीत ती यंत्रांची खोली होती, दुसऱ्या कोणाची विजेच्या पॅनेलची असेल. तोच विषय आधी घ्यावा.

प्रत्येक वर्गानंतर मी जुने तीन अहवाल काढतो आणि नव्याने कळलेल्या गोष्टीच्या नजरेने त्यांचे फोटो बघतो. हे सगळ्यात उपयोगी आहे आणि सगळ्यात जड जातं. दोनदा मला जुन्या ग्राहकांना फोन करून सांगावं लागलं की माझ्याकडून एक गोष्ट राहिली. दोघांनीही आभार मानले. शिवाय वर्षातून दोन दिवस मी धुराडी साफ करणाऱ्या एका कारागिराबरोबर फिरतो. त्याचं क्रेडिट मिळत नाही. हीटर पेटवून पाच मिनिटांनी त्याच्या टोपीपाशी धुराची कांडी धरायची, घरातले सगळे पंखे आणि ड्रायर चालू करून पुन्हा धरायची, आणि धूर कुठे वळतो ते बघायचं, हे मी त्याच्या शेजारी उभं राहून शिकलो. पडद्यावर ते वाचलं होतं. हाताला त्याच्याकडे आलं.

नव्याने लायसन्स घेणारी आपली मुलं मला विचारतात, सीई कुठे स्वस्तात होईल. मी त्यांना सांगतो, शिकवणारा स्वतः अजून घरं तपासतो का ते आधी बघा. जो गेल्या आठवड्यातल्या घराचे फोटो दाखवतो, त्याच्याकडे जा. आणि घर घेणाऱ्यांनी इन्स्पेक्टरला फी विचारण्याआधी एवढं विचारावं: गेल्या वर्षभरात तुम्ही नवीन काय शिकलात? ज्याला लगेच काही सांगता येतं, तो माणूस घ्यावा.

अलार्मबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तो जीव वाचवतो, पण सगळं सांगत नाही. हवेत ७० पीपीएम वायू असेल तर तो एक ते चार तासांनी वाजतो, आणि ३० पीपीएमला महिनाभर गप्प राहिला तरी तो प्रमाणित यंत्रच असतो. आजींचं डोकं दहा दिवस दुखत होतं तेव्हा अलार्म बिघडलेला नव्हता. घरात एकाच वेळी अनेकांना डोकेदुखी होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर अलार्मची वाट बघू नये. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे दर हिवाळ्यात माणसं जातात, तो हाच वायू. तिथेही गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी हवा.

त्या एडिसनच्या घरात आता पॉवर-व्हेंट प्रकारचा, म्हणजे पंख्याने धूर बाहेर ढकलणारा हीटर आहे, आणि एक्झॉस्टला बाहेरची हवा आत घेणारी झडप आहे. तुमच्या घरी, किंवा इथे राहणाऱ्या तुमच्या मुलांच्या घरी, गेल्या काही वर्षांत फर्नेस बदलला असेल तर आज खाली जाऊन वॉटर हीटरच्या माथ्यावरची ती लाल-निळी कडी बघा. वितळलेली दिसली, तर हीटर बंद करा आणि गॅस कंपनीला लगेच फोन करा.