सांगोल्याचे प्रतिनिधित्व आणि रोजगाराचा हक्क

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा अवर्षणप्रवण तालुका. येथून शेतकरी कामगार पक्षाचे कै. गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या कालावधीत ११ वेळा विधानसभेवर निवडून आले. १९७२ व १९९५ मध्ये मात्र पराभूत झाले. बहुतांश काळ विरोधी बाकावर बसलेल्या सदस्याचे कार्य केवळ त्याच्या नावच्या विधेयकांवरून मोजणे उचित नव्हे. १९७४ च्या पोटनिवडणुकीने ते सभागृहात परतले आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला. तोवर दुष्काळी काम शासनाच्या मर्जीवर अवलंबून असे. २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या या कायद्याने ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीस अकुशल काम मागण्याचा हक्क दिला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास तिला बेकारी भत्ता देय ठरला.